अडीच सुताचा नट दोन आटे चढून अडकतो: जुन्या ब्रिटिश यंत्रांचे आटे ओळखणं, मिळवणं आणि कापणं

आधी लक्षणं.

– नट बोटाने दोन-तीन फेरे सहज फिरतो आणि मग एकदम अडतो. तेल टाका, काढून पुन्हा लावा, अडायची जागा तीच.
– नट शेवटपर्यंत जातो, पण पाना लावल्यावर घट्ट होण्याऐवजी फिरतच राहतो.
– घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण गाडी शे-दोनशे किलोमीटर चालली की पुन्हा सैल.
– नट सोडवताना अख्खा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा दांडा) बाहेर येतो आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली दिसते.
– 13 चा पाना चढत नाही, 14 चा घसरतो, आणि षटकोनाचे कोपरे गोल झालेले असतात.

बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, रेडिचची रॉयल एन्फिल्ड आणि 1955 पासून मद्रासला जुळू लागलेली तिची बुलेट, डर्स्लीचं लिस्टर इंजिन, मायफोर्डचा लेथ, या सगळ्यांवर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा नट खराब नसतो. तो दुसऱ्या घराण्याचा, म्हणजे आट्यांच्या दुसऱ्या पद्धतीचा असतो.

गोंधळाची सुरुवात दुकानाच्या काउंटरवर होते. आपल्याकडे बोल्ट सुतात मागतात: दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे 5/16, तीन सूत म्हणजे 3/8. सूत फक्त जाडी सांगतं, इंचाला आटे किती ते सांगत नाही. ‘अडीच सुताचा बोल्ट द्या’ म्हटलं की हातात बहुधा बीएसडब्ल्यू (जाड आट्यांचं व्हिटवर्थ घराणं), म्हणजे इंचाला 18 आट्यांचा बोल्ट पडतो. गाडीला हवा असतो 22 चा किंवा 26 चा. म्हणून एक नियम पक्का धरा: जो नट बोटाने पूर्ण चढत नाही, त्याला पाना लावायचा नाही. पान्याने चढवलेला चुकीचा नट स्वतः तर जातोच, शंभर रुपयांच्या नटापायी क्रँककेसचे आटेही घेऊन जातो.

1. घासून पुसून बघा

याला खर्च नाही. रॉकेल, जुना टूथब्रश आणि तारेचा ब्रश घेऊन दोन्ही बाजूंचे आटे स्वच्छ करा. रंगाचे थर, जुना शेलॅक, गंज आणि मागच्या कुणीतरी फासलेलं सीलंट यांनीही नट अडतो. साफ केल्यावर अडायची जागा बदलली तर दोष मळाचा. जागा तीच राहिली तर पिच (दोन आट्यांमधलं अंतर) चुकलेली आहे, असं जवळपास खात्रीने समजा. टोकाचे पहिले एक-दोन आटे हातोडीने चेपलेले असतील तर तिकोनी कानशीने ते मोकळे करून पुन्हा बघा.

आंधळं छिद्र असेल तर तळातलं तेल-रॉकेल कापडाने टिपून काढा. तेल दाबलं जात नाही. बोल्ट खाली येतो, तेलाला जागा मिळत नाही आणि बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा कान तडकतो. भेग आटे खराब असल्यामुळे पडली असं मग सगळे समजतात.

2. बोल्ट तळाला टेकतोय का?

हीही फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी. छिद्रात खिळा घालून खोली मोजा, बोल्टची लांबी मोजा, मध्ये येणाऱ्या भागाची आणि वॉशरची जाडी वजा करा. बोल्टचा पाय तळाला टेकला की डोकं घट्ट लागतं, पण भाग मोकळाच राहतो. ‘शंभर किलोमीटरवर सैल’ या तक्रारीचं हे पहिलं कारण. स्टड असेल तर नट साध्या गुळगुळीत भागापर्यंत चढून तिथेच अडकत नाही ना, तेही बघा. एक जाड वॉशर टाकून प्रश्न सुटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

3. पान्यावरून आटे ओळखू नका

ब्रिटिश पान्यावरचा आकडा षटकोनाचं माप नसून बोल्टच्या जाडीचा आकडा असतो. 1/4 व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात 0.525 इंच, म्हणजे 13.34 मिमी. 3/16 चा 11.30, 5/16 चा 15.24, 3/8 चा 18.03. यातला शेवटचा 18 च्या मेट्रिक पान्यात बसतो, बाकीचे कुठेच नीट बसत नाहीत. कोपरे गोल होतात ते यामुळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टचं डोकं एक माप लहान केलं आणि ते बीएसएफच्या (बारीक आट्यांचं व्हिटवर्थ) डोक्याइतकं झालं. त्यामुळे 1/4 चा पाना लागला म्हणजे बोल्ट पाव इंचाचा असं नाही. तो 5/16 बीएसएफ असू शकतो, 5/16 सायकल थ्रेडही (सायकली-मोटरसायकलींचं बारीक आट्यांचं ब्रिटिश घराणं) असू शकतो. एमजी मोटारींच्या टी मालिकेतलं एक्सपीएजी इंजिन तर यावर कडी करतं: डोकी व्हिटवर्थ पान्याची, आटे मेट्रिक. मोटारी बनवणाऱ्या मॉरिसने (एमजी त्याचीच) 1923 मध्ये कोव्हेन्ट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला, तिथली यंत्रसामग्री फ्रेंच मापाची होती, आणि त्या मापाचे आटे पुढे पिढ्यान्पिढ्या चालत राहिले. इंजिन ‘इंग्लिश’ म्हणून बीएसएफचा टॅप घालाल तर ब्लॉक वाया जाईल.

डोक्यावरच्या खुणा मात्र उपयोगी पडतात. एकमेकांना चिकटलेली वर्तुळं म्हणजे युनिफाइड (अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांचं सामाईक घराणं), म्हणजे यूएनएफ (बारीक) किंवा यूएनसी (जाड). 8.8 किंवा एम म्हणजे मेट्रिक. आर, टी ही अक्षरं पोलादाची ताकद सांगतात, त्यांचं पुढे.

4. जाडी आणि पिच मोजा

यासाठी व्हर्नियर आणि 55 अंशांचं व्हिटवर्थ पिच गेज लागतं. मेट्रिक गेज असेल तर तेही जवळ ठेवा. जुना बोल्ट नाममात्र मापापेक्षा 0.1 ते 0.15 मिमी कमी भरतो, ते गृहीत धरा. इंचाला आटे असे:

दोन सूत (6.35 मिमी): बीएसडब्ल्यू 20, बीएसएफ 26, सायकल 26, यूएनएफ 28.
अडीच सूत (7.94): 18, 22, 26, यूएनएफ 24.
तीन सूत (9.53): 16, 20, 26, यूएनएफ 24.
साडेतीन सूत (11.11): 14, 18, सायकलचे 26 किंवा 20, यूएनएफ 20.
चार सूत (12.70): 12, 16, सायकलचे 26 किंवा 20, यूएनएफ 20.

यूएनसीचे आकडे बीएसडब्ल्यूसारखेच आहेत, फक्त अर्ध्या इंचाला 13.

पिच गेज नसेल तर बोल्ट कागदावर दाबून लोळवा आणि उमटलेल्या रेघा 12.7 मिमी अंतरात मोजून दुप्पट करा. आतल्या आट्यांसाठी मऊ लाकडाची किंवा बांबूची कामटी चपटी तासा, छिद्रात घालून आट्यांवर दाबा. तिच्यावर उमटलेले दाते गेजला लावता येतात. काम गावठी दिसतं, पण 22 आणि 26 मधला फरक नक्की कळतो.

आता अडकण्याचं गणित. 5/16 बीएसएफची पिच 1.155 मिमी, एम8 ची (8 मिमीचा मेट्रिक) 1.25. जाडी जवळजवळ सारखी, पण प्रत्येक आट्यामागे जवळपास 0.1 मिमी फरक साठत जातो. म्हणून दोन-तीन फेऱ्यांत नट अडतो. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक दोष, कारण तो लगेच कळतो.

फसवणारी जोडी वेगळी आहे. 5/16 सायकल थ्रेडची पिच 0.977, एम8 बारीकची 1.0. फरक आट्यामागे जेमतेम 0.023 मिमी. असा नट थोडा जड फिरतो, पण पूर्ण चढतो, आणि सगळा ताण एक-दोन आट्यांवर घेऊन बसतो. तसंच तीन सुताच्या बीएसएफ बोल्टवर एम10 चा 1.25 पिचचा नट: पिच 1.27 आणि 1.25, म्हणजे सरळ आत जातो, पण बोल्ट अर्धा मिमी बारीक असल्यामुळे आटे फक्त टोकांवर टेकतात. पाना लावला की घसरतात. ‘फिरतच राहतो’ हे लक्षण बहुधा इथलं.

5. कोन बघा

पिच जुळली तरी काम संपत नाही. पाव इंचाचे बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्ही 26 आट्यांचे आहेत. फरक कोनाचा: व्हिटवर्थ घराणं (1841 चं बीएसडब्ल्यू आणि 1908 चं बीएसएफ) 55 अंशांचं, सायकलचं 60 चं. लहान स्क्रूंचं बीए घराणं 47.5 अंशांचं, त्यात 0 बीए म्हणजे 6.0 मिमी जाडी आणि 1.0 पिच, आकड्यांत थेट एम6. मॅग्नेटो, कार्बुरेटर आणि मीटर यांत बीए भरपूर असतं, आणि 0 बीएच्या छिद्रात एम6 पिळून बसवलेला तर नेहमीच सापडतो.

कोन बघायची सोपी रीत म्हणजे ओळखीचा नवा टॅप बोल्टला समांतर धरून मागे उजेड ठेवायचा. दाते तंतोतंत बसले तर उजेडाची फट दिसत नाही. याच वेळी स्टड ताणला गेलाय का तेही कळतं: दोन्ही टोकांना दाते बसतात आणि मध्ये फट राहते, किंवा मध्यभागी कंबर बारीक झालेली दिसते. असा स्टड फेकून द्या. ताणलेल्या स्टडवर नवा नट लावणं म्हणजे पैसे आणि दुपार, दोन्ही वाया.

एकाच स्टडच्या दोन टोकांना वेगळे आटे असू शकतात, हे विसरू नका. ॲल्युमिनियममध्ये जाणारं टोक जाड आट्यांचं बीएसडब्ल्यू आणि नटाचं टोक बीएसएफ किंवा सायकल, ही ब्रिटिश कारखान्यांची सर्रास पद्धत होती. मऊ धातूत जाड आटा जास्त मांस पकडतो. स्टड उलटा बसवला की दोन्ही टोकं बिघडतात.

पेट्रोलचा कॉक आणि तेलाच्या नळीचे जोड बीएसपीचे (ब्रिटिश पाइप थ्रेड) असतात, आणि तिथे आकड्याचा जाडीशी संबंध नाही: 1/4 बीएसपी बाहेरून 13.16 मिमी भरतो, आटे 19.

सालावर भरवसा ठेवू नका. युनिफाइडचा करार 1948 चा असला तरी बीएसए आणि ट्रायम्फच्या मोटरसायकलींत तो बदल 1960 च्या दशकाच्या शेवटी, भागाभागाने झाला. राजकोटला बनलेल्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांत इंची आणि मेट्रिक शेजारी शेजारी सापडतात. तिथे डर्स्लीच्या यादीतला आकडा तसाच धरायचा नाही.

6. विकत घेताना

दुकानदाराला सूत सांगू नका. घराण्याचं नाव, इंचाला आटे, डोक्याखालची लांबी, त्यातली बिनआट्याची लांबी, षटकोनाचं माप आणि ताकद एवढं कागदावर लिहून द्या. सोबत आट्यांचा खात्रीचा नट न्या आणि काउंटरवरच बोटाने चढवून बघा. मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत बीएसडब्ल्यू मिळायला अडचण नाही, बीएसएफ शोधून मिळतो. सायकल थ्रेडसाठी जुन्या बुलेटचे सुटे भाग ठेवणारा गाठावा लागतो किंवा इंग्लंडहून मागवावं लागतं. आधी दोनच घ्या. पन्नासची थैली स्वस्त पडते, पण चुकीची निघाली की पुढच्या वीस वर्षांसाठी घरात सापळा तयार होतो.

ताकदीकडे दुर्लक्ष करू नका. ब्रिटिश खुणेत आर म्हणजे चौरस इंचाला 45 टन, टी म्हणजे 55 टन. टी हा मेट्रिकच्या 8.8 च्या किंचित वर येतो. साधा हार्डवेअरचा बोल्ट याच्या निम्मा भरतो. मडगार्डला तो चालेल, सिलिंडर हेडला नाही. चकचकीत स्टेनलेसचा मोह दिसण्यापुरत्या जागीच ठेवा: स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट घासून जागीच चिकटतो आणि मग कापूनच काढावा लागतो.

7. स्वतः करायचे असतील तर

धातू (ईएनचे आकडे म्हणजे पोलादाच्या ब्रिटिश प्रती): साध्या कामाला ईएन8, ताण असेल तिथे ईएन16टी किंवा ईएन24टी. ईएन1ए लेथवर लोण्यासारखा कापला जातो, म्हणूनच टर्नर तो पुढे करतात. ताणाच्या जागी तो नको. एक सोपी वाट अशी की लांब बिनआट्याच्या दांड्याचा 8.8 चा एम10 बोल्ट घ्यायचा, दांडा 7.87 मिमीपर्यंत उतरवायचा, आटे कापायचे आणि डोकं 13.3 मिमीवर मिल करायचं. ताकद ठरलेली असते आणि षटकोन तयार मिळतो.

डायने कापायचं असेल तर दांडा नाममात्र मापापेक्षा 0.05 ते 0.1 मिमी बारीक ठेवा. फटीची डाय पहिल्या फेरीला स्क्रूने उघडून चालवा, नट लावून बघा, मग थोडी आवळून दुसरी फेरी. एकाच फेरीत पूर्ण कापलेला आटा सैल निघाला तर तो पुन्हा भरता येत नाही. डाय हातात धरून सरळ चालत नाही. तिला टेलस्टॉकचा आधार द्या. षटकोनी डाय-नट फक्त जुने आटे साफ करायला.

लेथवर 4 आट्यांचा इंची लीड स्क्रू (हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) असेल तर गियरची चाकं 22 आट्यांसाठी 20/55 × 30/60, 26 आट्यांसाठी 20/65 × 30/60. लीड स्क्रू मेट्रिक असेल तर 127 दात्यांचं चाक हवं. ते नसेल तर 63 दात्यांचं चाक चालतं. चूक आठ हजारांत एक, म्हणजे 25 मिमी लांबीत 3 मायक्रॉन. नटासाठी ती नगण्य आहे. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे कापताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दोन तुकड्यांचा नट) उघडायचा नाही. हत्यार बाहेर घ्या, मोटर उलटी फिरवून मागे या. हाफ नट उघडलात तर पुढची फेरी जुन्या खाचेतच पडेल याची हमी नाही.

कंपाउंड (हत्यार धरणारी वरची स्लाइड) 27 अंशांवर वळवा, म्हणजे हत्यार मुख्यतः एका बाजूने कापतं आणि सालं अडकत नाहीत. आट्याची खोली व्हिटवर्थ घराण्यात पिचच्या 0.64 पट, सायकल थ्रेडमध्ये 0.533 पट: 5/16 बीएसएफला 0.74 मिमी, 5/16 सायकलला 0.52. बॅक गियर, मिनिटाला 60–80 फेरे, भरपूर कटिंग ऑइल. हत्याराचं टोक सुईसारखं ठेवू नका. व्हिटवर्थचा तळ गोलाईचा आहे, तो शोभेसाठी नव्हे. टोकदार खाचेतूनच थकव्याची भेग सुरू होते. हत्याराला दगडावर ती गोलाई द्या. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत डायलपेक्षा नटावर विश्वास ठेवा.

जस्ताचं प्लेटिंग करणार असाल तर आटे आधीच थोडे सैल कापा. थर 8 मायक्रॉनचा असला तरी आट्याच्या दोन्ही उतारांवर चढल्यामुळे बसण्याच्या मापात तो चौपटीहून जास्त भरतो. ईएन24 पेक्षा कठीण केलेले बोल्ट आम्लाच्या टाकीत घालून भट्टीत न भाजता वापरले, तर हायड्रोजनमुळे ते काही दिवसांनी न सांगता तुटतात. अशांना प्लेटिंगच नको, काळा ऑक्साइड बरा.

8. छिद्रातले आटेच गेले असतील

‘एम8 चा टॅप मारून टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. 22 आट्यांच्या जुन्या खाचेवर 1.25 पिचचा टॅप फिरवला की दोन्ही घराण्यांचे अर्धे-अर्धे आटे उरतात आणि पकड कुणाचीच नाही. नव्या जागी छिद्र करायचं असेल तर ड्रिल 1/4 बीएसएफला 5.3, 5/16 बीएसएफला 6.8, 3/8 बीएसएफला 8.3 मिमी. गेलेल्या छिद्राला मात्र त्याच आट्यांचं हेलिकॉइल (छिद्रात बसवायची तारेची आटेदार गुंडाळी) किट घ्या, बीएसएफला बीएसएफचंच. ड्रिल किटवर लिहिलेलाच वापरा, कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली ठेवा आणि तळाची दांडी तोडून बाहेर काढा. ती क्रँककेसमध्ये पडली तर तेलपंपापर्यंत जाते. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची लांबी बोल्टच्या जाडीच्या दुप्पट, बिडात दीडपट मिळाली पाहिजे.

बिडात भिंत जाड असेल तर पायरीचा स्टड उत्तम: खाली 3/8 बीएसडब्ल्यू, वर 5/16 बीएसएफ. बाहेरून कुणाला कळतही नाही. ड्रिल हातात धरू नका. पिलर ड्रिलवर किंवा मिलिंगवर भाग बांधून घ्या. छिद्र दोन अंश तिरकं झालं तर स्टड हेडच्या भोकातून जातच नाही.

इथे थांबा

ब्रेक, हँडलची मान, पुढचा फोर्क, चाकाची धुरी, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, क्रँकपिनचा नट आणि लिस्टरच्या जड फ्लायव्हीलशी संबंधित काहीही घरी कापू नका. हे भाग प्रमाणपत्रासह विकत घ्यायचे. मिळत नसतील तर अशी कामं नेहमी करणाऱ्या वर्कशॉपमध्ये, धातूचा कागद बघून करून घ्यायचे. वाफेच्या बॉयलरचे स्टड आणि स्टे असतील तर बॉयलर निरीक्षकाच्या परवानगीआधी पानासुद्धा लावू नका.

छिद्राभोवती केसासारखी भेग दिसली तर टॅप, हेलिकॉइल सगळं बाजूला ठेवा. रॉकेल लावून पुसा, वर खडू घासा. ओली रेघ उमटली तर काम बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाणकार वेल्डरचं आहे. आणि छिद्रात टॅप तुटला तर छिन्नीने ठोकत बसू नका. टॅप काचेसारखा फुटतो, तुकडे भिंतीत रुततात. तो भाग तसाच स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) न्या. भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या वसाहतीत असा माणूस मिळतो. जाताना ‘आटे 22 चे, 55 अंश’ असं चिठ्ठीवर लिहून भागाला बांधा, नाहीतर टॅप निघेल आणि परत येताना छिद्रात एम8 असेल.